अंटार्क्टिकाचा दुसरा नकाशा

ध्रुवीय बर्फावरून विमानं उडू लागली तेव्हा वैमानिकांची एक तक्रार असायची. खाली रेडिओ लहरी सोडायच्या, त्या परत यायला किती वेळ लागतो ते पाहायचं आणि त्यावरून विमानाची उंची सांगायची, हे काम करणारा अल्टिमीटर एरवी चोख चालायचा. जाड बर्फावर आला की मात्र बिनदिक्कत खोटं बोलायचा. विमान बर्फाला टेकायच्या बेतात असलं तरी काटा भरपूर उंची दाखवायचा. वैमानिकासाठी हे जिवावर बेतणारं होतं. १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमधल्या एमरी वेट यांनी या खोटेपणाच्या मुळाशी जायचं ठरवलं, तेव्हा कळलं की यंत्राचा दोष नव्हताच. थंड, कोरडा बर्फ रेडिओ लहरींना फारसा अडवत नाही. लहरी त्यातून आरपार जातात आणि तळाच्या खडकावर आपटून परत येतात. यंत्र मोजत होतं ते खडकापर्यंतचं अंतर!

उपद्रवी यंत्राचं उपयुक्त यंत्र व्हायला मग वेळ लागला नाही. केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन इव्हान्स यांनी १९६०च्या दशकात खास बर्फाखालचं पाहण्यासाठी रडार बनवलं. तोवर बर्फाची जाडी मोजायची म्हणजे ट्रॅक्टरांचा ताफा घेऊन निघायचं, बर्फात भोक पाडून सुरुंग उडवायचा, खडकावरून परतणारा हादरा नोंदवायचा आणि काही किलोमीटर पुढे जाऊन पुन्हा तेच करायचं. आता विमान सरळ रेषेत उडत राही आणि खालच्या डोंगरदऱ्यांची रेघ फिल्मवर उमटत जाई.

आपल्या भिंतीवरच्या नकाशातला पांढरा अंटार्क्टिका हा खरं तर बर्फाचा नकाशा आहे, खंडाचा नव्हे. खंडाचा नकाशा वेगळा आहे आणि तो गेली साठेक वर्षं तुकड्यातुकड्यानं तयार होतो आहे. ‘बेडमॅप’ या नावानं त्याची तिसरी आवृत्ती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ८ कोटी २० लाख मोजमापं आहेत. त्यात विमानांची आहेत, जहाजांची आहेत आणि कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून केलेलीही आहेत. या नकाशाप्रमाणे अंटार्क्टिकावरच्या बर्फाची सरासरी जाडी १,९४८ मीटर भरते. आपला कळसूबाई पायथ्यासकट तिथं ठेवला, तर त्याच्या शिखरावर आणखी तीनशे मीटर बर्फ उरेल. आणि ही झाली सरासरी. विल्क्स लँडमधल्या एका बिननावाच्या घळीत बर्फाची जाडी ४,७५७ मीटर आहे.

या दुसऱ्या नकाशातली सगळ्यात विलक्षण जागा म्हणजे गाम्बुर्तसेव्ह पर्वत. १९५८ साली एक सोव्हिएत मोहीम पूर्व अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातून सुरुंगांचे हादरे मोजत चालली होती. वर नजर पोचेल तिथवर सपाट पांढरं. खालून येणारे आकडे मात्र भलतेच चढउतार दाखवू लागले. बर्फाखाली सुमारे १,२०० किलोमीटर लांबीची पर्वतरांग होती. तिची शिखरं समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटरपर्यंत जातात, पण एकही बर्फाबाहेर डोकावत नाही. तीन वर्षांपूर्वीच वारलेले भूभौतिकशास्त्रज्ञ ग्रिगोरी गाम्बुर्तसेव्ह यांचं नाव तिला देण्यात आलं. एवढा मोठा पर्वत, आणि तो आजवर कुणीच डोळ्यांनी पाहिलेला नाही.

भूशास्त्रज्ञांपुढचं कोडं वेगळंच होतं. दोन भूपट्ट एकमेकांवर आदळतात तिथं पर्वत उभे राहतात, हिमालयासारखे. पूर्व अंटार्क्टिकाचा मध्य तर अब्जावधी वर्षांचा, थंड पडलेला, जुनापुराणा खडक. तिथं पर्वत असलाच तर झिजून गोलगरगरीत झालेला असायला हवा होता. हा मात्र आल्प्ससारखा धारदार, टोकदार, खोल दऱ्यांचा. २००८-०९ मध्ये सात देशांनी मिळून रडार, गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व मोजणारी विमानं त्याच्यावरून उडवली. त्यातून पुढे आलेली मांडणी अशी : पर्वताचं जाड मूळ सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या एका टकरीतलं. वरचा भाग झिजून गेला, मूळ राहिलं. पुढे भारत आणि अंटार्क्टिका ज्यात जोडलेले होते तो गोंडवन हा महाखंड फुटू लागला तेव्हा जमिनीला पडलेल्या भेगांमुळे ते मूळ पुन्हा वर उचललं गेलं. नद्यांनी आणि छोट्या हिमनद्यांनी त्यात दऱ्या कोरल्या. आणि सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी हवामान थंड होऊन बर्फानं सगळंच झाकून टाकलं. बर्फ म्हणजे खडक खरवडणारा, हा आपला अनुभव. पण तळाशी गोठून खडकाला चिकटलेला बर्फ जवळजवळ हलत नाही, त्यामुळे त्यानं या पर्वताचं रक्षणच केलं.

याच मोहिमेत आणखी एक गोष्ट हाती लागली, आणि माझ्या मते ती पर्वतापेक्षाही नवलाची आहे. बर्फाचा थर हिमवर्षावानं वरून वाढतो, असंच सगळे धरून चालले होते. इथं तो खालूनही वाढत होता. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं दरीच्या तळाशी थोडा बर्फ वितळतो. ते पाणी वरच्या बर्फाच्या दाबामुळे दरीतून चक्क चढाच्या दिशेनं वाहतं, पातळ बर्फाखाली पोचतं आणि तिथं पुन्हा गोठून बर्फाच्या बुडाला चिकटतं. काही ठिकाणी बर्फाची निम्मी जाडी अशी खालून आलेली आहे.

गाम्बुर्तसेव्हच्या उत्तर बाजूचा बर्फ हळूहळू सरकत लॅम्बर्ट हिमनदीत येतो. जगातल्या सर्वांत मोठ्या हिमनद्यांपैकी ही एक, सुमारे ४०० किलोमीटर लांब. ज्या दरीतून ती वाहते ती तिनं एकटीनं कोरलेली नाही. ती जमीन खचून तयार झालेली आहे आणि त्या खचलेल्या पट्ट्याचा सांधा अनेक भूशास्त्रज्ञ ओडिशातल्या महानदीच्या खोऱ्याशी जुळवतात. अंदाजे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिकापासून सुटला, त्याआधी या दोन दऱ्या एकाच रेषेत असाव्यात. लॅम्बर्टचा बर्फ ज्या प्रिड्झ उपसागरात उतरतो, त्याच्याच काठी लार्समन टेकड्यांवर २०१२ पासून भारताचं ‘भारती’ केंद्र आहे. तिथले खडक आपल्या पूर्व घाटातल्या खडकांचे सख्खे भाऊबंद. गंमत म्हणजे भारतीचा रेखांश आणि बुलढाण्याचा रेखांश जवळजवळ एकच आहे. बुलढाण्याहून नाकासमोर दक्षिणेला निघालं, कोचीच्या आसपास समुद्रात उतरलं, की मग थेट भारतीच्या दारातच जमीन लागते.

आपल्या पहिल्या केंद्राची कथा जरा बोधप्रद आहे. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभं राहिलं. याच मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंतांच्या घराण्यातल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया होत्या. केंद्र बांधलं होतं आइस शेल्फवर, म्हणजे किनाऱ्याला धरून समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या पाटावर. काही वर्षांत ते बर्फात गाडलं गेलं आणि १९९० मध्ये बंद करावं लागलं. त्याच्या जागी आलेलं ‘मैत्री’ मात्र शिर्माकर टेकड्यांच्या उघड्या खडकावर आहे आणि अजून उभं आहे. मैत्री आणि भारती, दोन्हींचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

असा उघडा खडक अंटार्क्टिकावर फारच कमी, खंडाच्या एक टक्क्याहूनही कमी. बर्फातून डोकं वर काढणाऱ्या सुळक्यांना नुनाटाक म्हणतात. खंड आरपार कापत जाणारी ट्रान्सअंटार्क्टिक रांग हा त्यांचा सगळ्यात मोठा गोतावळा. या रांगेतून उतरणाऱ्या बियर्डमोर हिमनदीच्या माथ्याशी ८ फेब्रुवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावरून हताश होऊन परतणारी ब्रिटिश संशोधक स्कॉट यांची तुकडी थांबली होती. अन्न संपत आलेलं, अंगातली ताकद गेलेली. तरी तुकडीतल्या एडवर्ड विल्सन यांनी तिथल्या खडकातून पानांचे ठसे असलेले दगड वेचले. सुमारे १६ किलोंचं हे ओझं त्यांनी शेवटपर्यंत ओढलं. परतीच्या वाटेवरच ते मरण पावले, आणि नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांच्या मृतदेहांपाशी ते दगड सापडले. दोन वर्षांनी केंब्रिजचे अल्बर्ट सीवर्ड यांनी त्यातली पानं ओळखली : ग्लॉसोप्टेरिस इंडिका. ही वनस्पती पंचवीस कोटी वर्षांहून जुनी, आणि आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या थरांत तिचे ठसे भरपूर मिळतात. चंद्रपूर-वणीच्या खाणींतला कोळसा ग्लॉसोप्टेरिसच्याच जंगलांचा आहे. आणि लॅम्बर्ट हिमनदीच्या काठच्या प्रिन्स चार्ल्स पर्वतातही त्याच काळातला कोळसा आहे.

इथवर सगळी पूर्व अंटार्क्टिकाची गोष्ट झाली. पश्चिमेकडे दुसरा नकाशा आणखी बुचकळ्यात टाकतो, कारण तिथं खंडच नाही. बर्फ काढून टाकला तर पश्चिम अंटार्क्टिकाचा मोठा भाग समुद्राखाली राहील आणि वर दिसतील ती बेटं. बेंटली खंदकाचा तळ तर समुद्रसपाटीखाली सुमारे अडीच किलोमीटर आहे. बर्फ बेटांना कसा झाकतो याचं चांगलं उदाहरण म्हणजे अलेक्झांडर बेट. रशियन दर्यावर्दी बेलिंग्सहाउझेन यांनी ते १८२१ मध्ये पाहिलं. मुख्य भूमीचाच तो भाग असं सगळे मानत राहिले. ते बेट आहे हे सिद्ध झालं १९४० मध्ये, एका अमेरिकी घसरगाडी तुकडीच्या प्रवासात. क्षेत्रफळ ४९ हजार चौरस किलोमीटर, तरी ११९ वर्षं पत्ता नाही! मधली सामुद्रधुनी बर्फानं बुजलेली होती. उलटंही घडतं. २०२० मध्ये पाइन आयलंड हिमनदीजवळ सिफ नावाचं चिमुकलं बेट नकाशावर आलं. बर्फ मागे हटला म्हणून ते उघडं पडलं.

समुद्राखाली बसलेला बर्फ ही नुसती भूगोलातली गंमत राहत नाही. पाइन आयलंडच्या शेजारीच थ्वेट्स हिमनदी आहे. समुद्राकडचा तिचा काठ सुमारे १२० किलोमीटर रुंद आहे. तिचं बूड समुद्रसपाटीखाली आहेच, शिवाय ते खंडाच्या आत जाताना आणखी खोल होत जातं. खोलातून येणारं तुलनेनं उबदार पाणी बर्फाला खालून कुरतडतं. काठ मागे सरकला की तो अधिक खोल जागी येतो, तिथं बर्फ अधिक जाड असतो, जाड बर्फ समुद्राकडे अधिक वेगानं सुटतो, आणि काठ पुन्हा मागे. अशा उतारावरच्या बर्फाला थांबायला जागा मिळत नाही. हिमशास्त्रज्ञ जॉन मर्सर यांनी पश्चिम अंटार्क्टिकाबद्दल असा इशारा १९७८ मध्येच दिला होता. थ्वेट्स पूर्ण गेली तर जगाचा समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटरनं चढेल. ‘डूम्सडे ग्लेशियर’ हे तिचं टोपणनाव मात्र मला मथळ्यांच्या सोयीचं वाटतं. हा उद्याचा प्रलय नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी प्रक्रिया आहे.

आणि तो समुद्र सगळीकडे सारखा चढणार नाही. एवढा अवाढव्य बर्फ गुरुत्वाकर्षणानं समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो कमी झाला की ओढ कमी होते, अंटार्क्टिकाजवळची पातळी उतरते आणि ते पाणी दूर जातं. म्हणून पश्चिम अंटार्क्टिकाच्या वितळण्याचा वाटा हिंदी महासागरात आणि उत्तर गोलार्धाच्या बऱ्याच किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त पडतो. त्यात मुंबई-कोकणाचा किनाराही आला.

या गणितात एक आकडा उलट्या बाजूनं खेचतो. बर्फाच्या भारानं दबलेली जमीन भार कमी झाल्यावर वर येते. अमुंडसेन समुद्राच्या काठी नुनाटाकांवर बसवलेल्या जीपीएस यंत्रांनी २०१८ मध्ये दाखवलं, की तिथली जमीन वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत वर येते आहे. पृथ्वीवर मोजलेल्या सर्वांत मोठ्या वेगांपैकी हा एक. कारण तिथलं प्रावरण अपेक्षेपेक्षा मऊ आहे. हिमनदीचं बूड असं उचललं गेलं तर तिचा काठ टिकून राहायला मदत होऊ शकते. पण ती मदत बर्फ मागे हटण्याच्या वेगाला गाठेल का, हे मोजायला यंत्रं ठेवण्यासाठी उघडा खडक लागतो, आणि थ्वेट्सच्या आसपास असे खडक मोजकेच आहेत.