पॉइंट टू-टू पिस्तूल : नळी, काडतूस आणि नागपूरची हवा

पिस्तुलाचा जो आवाज एकच धमाका वाटतो तो वास्तविक दोन निरनिराळ्या ध्वनींचा मिळून झालेला असतो : नळीच्या तोंडातून दाबाखाली सुटणाऱ्या वायूचा स्फोट हा पहिला, आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर हवा चिरताना उठणारा तीक्ष्ण कडाका हा दुसरा. पॉइंट टू-टू पिस्तुलाची नळी आणि काडतूस निवडताना हा भेद प्रथम समजून घ्यावा लागतो, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पॉइंट टू-टूचे, १८८७ पासून प्रचारात असलेले ‘लाँग रायफल’ हे काडतूस रिमफायर जातीचे आहे, म्हणजे त्यातील ठिणगी पाडणारे रसायन बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या दुमडीत भरलेले असते आणि घोड्याची टाचणी ती कड चेपते तेव्हा दारू पेटते. ही दारू जेमतेम गुंजभर असल्यामुळे तिचा जोर लवकर ओसरतो; रायफलीत साधारण ४०० ते ४८० मिलिमीटर लांबीपर्यंत गोळीचा वेग वाढतो आणि त्यापुढे घर्षणच वरचढ ठरते. पिस्तुलाच्या आखूड नळीतून मात्र वायूचा दाब पुरता उतरण्याआधीच गोळी बाहेर पडते, त्यामुळे तिचा वेग कमी भरतो आणि तोंडाशी होणारा स्फोट उलट वाढतो. नळी आखूड केली की पिस्तूल शांत होते, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात आंतरराष्ट्रीय नियमांनी नळीची कमाल लांबी १५३ मिलिमीटर ठरवून दिली आहे. रायफलीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने जाणारे साध्या वेगाचे काडतूस एवढ्या नळीत बरेच मंदावते. ‘हाय व्हेलॉसिटी’ म्हणून विकले जाणारे काडतूसही पिस्तुलातून बहुधा ध्वनीच्या वेगाखालीच राहते. तेव्हा कडाका टाळण्यासाठी दारू मुद्दाम कमी केलेले सबसॉनिक काडतूस पिस्तुलात घालण्याची गरज क्वचितच पडते, आणि घातलेच तर स्वयंभरण पिस्तुलाची स्लाइड पुरेशी मागे न सरकून रिकामी पुंगळी अडकण्याचा धोका असतो. अतिजड, लांब गोळीही नेहमीच्या पिळाच्या नळीत स्थिर फिरत नाही, तिरपी होऊन लक्ष्यावर आदळते.

नागपुरात या हिशेबात हवामानही धरावे लागते. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो : मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना तो सेकंदाला सुमारे ३५७ मीटर असतो, तर हिवाळ्यातील १० अंशांच्या पहाटे ३३७ वर येतो. जे वेगवान काडतूस उन्हाळ्यात निर्धोकपणे या मर्यादेखाली राहते, ते थंडीत तिच्या अगदी जवळ पोहोचू शकते. तापलेली दारू अधिक जोराने जळत असल्याने उन्हाळ्यात गोळीही थोडी वेगवान होते, हे खरे. त्याहून त्रासदायक म्हणजे गोळीवरचा मेणासारखा लेप उन्हात उभ्या गाडीत मऊ होतो, त्यावर धूळ चिकटते आणि नळीत एकसारखा थर बसत नाही. काडतुसांची पेटी सावलीत ठेवणे हा म्हणूनच नेमबाजीचा भाग आहे.

पहिल्या ध्वनीवरचा, म्हणजे तोंडाशी होणाऱ्या स्फोटावरचा, जगात प्रसिद्ध असलेला उपाय सप्रेसर हा होय. वायूला कप्प्यांमधून फिरवून हळूहळू सोडणाऱ्या या साधनाचे पेटंट हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये मिळवले, आणि फिनलंड-नॉर्वेसारख्या देशांत शिकारी ते उघडपणे वापरतात. भारतात शस्त्र नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीत आवाज किंवा ज्वाला कमी करणारी साधने प्रतिबंधित वर्गात टाकली आहेत, त्यामुळे सामान्य परवानाधारकाला हा मार्ग बंद आहे. पॉइंट टू-टू पिस्तुलाचा स्फोटही कानाजवळ १४० डेसिबेल ओलांडतो. तेव्हा कानांत बोळे आणि वर इअरमफ असे दुहेरी संरक्षण नवशिक्यापासून प्रशिक्षकापर्यंत प्रत्येकाने, बंदिस्त रेंजमध्ये तर हमखास, वापरलेच पाहिजे.

उरते ती काडतुसाची खरी निवड, आणि ती आवाजावर नव्हे तर अचूकतेवर करावी. एकाच छापाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. त्यामुळे पिस्तूल पकडीत बसवून प्रत्येक लॉटच्या गोळ्या २५ मीटरवर झाडाव्यात, त्यांचा लक्ष्यावरील पसारा मोजावा, आणि जो लॉट आपल्या नळीला मानवेल त्याचाच साठा परवान्याच्या मर्यादेत घेऊन ठेवावा. शक्य झाल्यास हीच चाचणी डिसेंबरात आणि एप्रिलात स्वतंत्रपणे करावी.