टॅब, टिंब आणि अर्धा सेकंद

मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो. दिसायला तेवढ्याच स्पेस दिल्या तरी बिल्ड अडतो! हा हट्ट १९७६ सालचा. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. टॅब बदलावा असं त्यांच्या मनात आलं, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांचं काम मोडायला नको म्हणून टॅब राहिला तो राहिलाच.

'सीमेक'चा जन्म तर वैद्यकीय प्रतिमांपायी झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या प्रकल्पासाठी 'आयटीके' ही लायब्ररी लिहिली जात होती आणि ती विंडोज, युनिक्स सगळीकडे बिल्ड व्हायला हवी होती. सीमेकला 'फाइंड पॅकेज' म्हटलं की तो लायब्ररी शोधतो आणि सापडलेला पत्ता कॅशमध्ये टिपून ठेवतो. नवी आवृत्ती दुसरीकडे टाकली तरी स्वारी जुन्याच दारात! कॅश पुसा, ताळ्यावर येतो.

एसक्यूलाइटनं हा शोधच मिटवला. शंभरावर फाइली एकत्र करून एकच सी फाइल देतात. आपल्या कोडशेजारी ठेवली की झालं. मला ही पद्धत फार आवडते.

एखादी सोय मशीनवर आहे का, हे बिल्ड कसं ओळखतं? चार ओळींचा प्रोग्राम कंपाइल करून बघतं. झाला तर आहे, नाही झाला तर नाही.

२०२४ मध्ये 'एक्सझी' या फाइली आवळणाऱ्या प्रकल्पात घुसखोरानं बिल्डच्या अशाच पायऱ्या हेरल्या. चोरदरवाजा उघडणारी स्क्रिप्ट ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हतीच. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिन जड वाटलं: ०.२९९ सेकंदांचं काम ०.८०७ सेकंद घेत होतं. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो चोरदरवाजापर्यंत पोचला. केवढी चिकाटी!

त्याच प्रकल्पाच्या सीमेक फाइलमध्ये 'लँडलॉक' हे सुरक्षेचं कुंपण आहे का, हे तपासणारा छोटा प्रोग्राम होता. त्यात घुसखोरानं, इन्क्लूडच्या ओळींखाली, एका ओळीवर नुसतं एक टिंब ठेवलं होतं. त्यामुळे प्रोग्राम कधीच कंपाइल होईना, बिल्ड समजे लँडलॉक नाही, आणि कुंपण गुपचूप बंद! पुढे मूळ देखभाल करणाऱ्यानं ते टिंब पुसलं. दुरुस्ती एका ओळीची होती.