सात केसांएवढं दबणं

चला, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाएवढ्या एका डांबरी रस्त्याची तब्येत तपासू. 94.5 किलोमीटर, सहा मार्गिका, आणि एकही भोक पाडायचं नाही! मग यंत्र कोणतं निवडायचं? रस्त्याला काय विचारायचंय, त्यावर ते ठरतं.

वरच्या भेगा शोधायच्यात? लेझरची गाडी घ्या. चार मीटर रुंद पट्ट्यात मिलिमीटरला एक बिंदू धरा, एका आडव्या रेषेत 4,000. दर पाच मिलिमीटरवर अशी एक रेषा. एकाच मार्गिकेचे बिंदू झाले 7,560 कोटी! देशातल्या 140 कोटी लोकांना वाटले, तर तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत प्रत्येकाला 54. आणि पाच मार्गिका अजून बाकीच आहेत.

डांबराची जाडी हवी? रडार घ्या. त्याच्या लहरी हवेत एका सेकंदात मुंबई-पुणे-मुंबई अशा हजार फेऱ्या मारतील! डांबरात शिरल्यावर वेग निम्म्याखाली येतो खरा, तरी 13 सेंटिमीटरचा थर गाठून परतायला त्यांना सेकंदाचे जेमतेम दोन अब्जांश पुरतात.

पण रस्त्यात दम किती उरलाय? मला विचाराल तर खरा प्रश्न हाच, आणि त्यासाठी फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरच हवा. ताटाएवढ्या चकतीवर वजन आदळतं. क्षणभर 4 टनांचा भार, सिमेंटच्या 80 गोण्या! सेकंदाचे हजार भाग करा, त्यातले तीसेकच भाग हा भार टिकतो. रस्ता जितका जास्त दबेल, तितका दम कमी. समजा तो अर्धा मिलिमीटर दबला. डोक्याचे सात केस एकावर एक, बस्स! सेन्सर तेही मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे एका केसाचे सत्तर भाग करून.

इतकं बारीक कशाला? ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं, की रस्त्याची झीज साधारण 16 पट होते. मोटारीच्या ॲक्सलवर अर्धा टन धरा, ट्रकच्या 8 टन. वजन 16 पट, झीज 65,536 पट! मोटारीला ॲक्सल दोन, म्हणून ट्रकचा एक ॲक्सल गेला म्हणजे 32,768 मोटारी गेल्या. चार-चार मीटरच्या त्या मोटारी एकीला एक चिकटवून उभ्या करा. रांग 131 किलोमीटर! अख्खा द्रुतगती मार्ग भरून साडेछत्तीस किलोमीटर बाहेर!

हा झाला एक ॲक्सल. मोठे महामार्ग अशा 10 कोटी ॲक्सलांच्या हिशेबानेही बांधतात. मोटारींची रांग झाली 1,310 कोटी किलोमीटर! सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर. म्हणजे पृथ्वीपासून सूर्यापर्यंत अशा 87 रांगा! त्या 10 कोटींतले किती ॲक्सल अजून या रस्त्यावरून जाऊ शकतील, याचा अंदाज त्या सात केसांच्या दबण्यावरून बांधायचा.