सहा युनिटांचा फरक

सकाळचे सात वाजायचे आहेत. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर सीटी स्कॅनच्या खोलीत एसी अंगावर येतोय. ट्यूब तापवून झाली, एअर कॅलिब्रेशन झालं. बाहेरच्या बाकांवर नातेवाईक येऊन बसलेत, पण टेबलावर अजून पेशंट नाही. तिथे ठेवलाय एसीआर, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी, या संस्थेच्या तपासणीचा फॅन्टम, पेशंटच्या जागी मोजायचा वीस सेंटिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा जड दंडगोल. फिजिसिस्ट मॅडम लेझरच्या रेघा त्याच्यावरच्या खुणांशी जुळवतायत. रेघ जराशी तिरकी पडली की फॅन्टम हलवतात आणि पुन्हा वाकून बघतात.

शिशाच्या काचेमागे कन्सोलवर टेक्नॉलॉजिस्ट काका बसलेत. त्यांनी पोटाचा रोजचाच प्रोटोकॉल लावलाय. तपासणीपुरतं यंत्राला नटवायचं नाही, पेशंटला जे मिळतं तेच मोजायचं, हा मॅडमचा आग्रह मला पहिल्या मिनिटातच पटतो.

गॅन्ट्री घुमते. फॅन्टमच्या पहिल्या भागाचे स्लाइस पडद्यावर येतात. हाउन्सफील्ड मापात पाणी शून्य आणि हवा उणे 1000 यायला हवी. आज पाण्यासारखा भाग 1.2 दाखवतोय. ठीक आहे. मॅडम तिथे रेंगाळत नाहीत.

त्यांना घाई आहे ती पुढच्या भागाची. पडद्यावर करड्या पार्श्वभूमीवर एक मोठं वर्तुळ दिसतं, 25 मिलिमीटरचं. त्याच्या भोवती लहान होत जाणारे ठिपके, प्रत्येक आकाराचे चार: 6 मिलिमीटर, 5, 4, 3, 2. या सगळ्यांचा पार्श्वभूमीपासूनचा फरक जेमतेम सहा हाउन्सफील्ड युनिटांचा. सहाच का, असं विचारल्यावर मॅडम मेंदूकडे नेतात. मेंदूतल्या करड्या आणि पांढऱ्या भागांत दहाएक युनिटांचंच अंतर असतं. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत ते आणखी बुजायला लागतं. रेडिओलॉजिस्टला शोधायचं असतं ते हे बुजणं. हाड कुठल्याही यंत्रावर दिसेल. यंत्राचा कस लागतो तो असल्या फिक्या फरकांपाशी.

माउसने त्या मोठ्या वर्तुळात एक गोल काढला जातो, शेजारच्या पार्श्वभूमीत दुसरा. आत सरासरी 96.3, बाहेर 90.3. बाहेरच्या गोलातलं प्रमाण विचलन 4.8. हाच नॉइज. पदार्थ सगळीकडे सारखा असूनही पिक्सेलांचे आकडे सरासरीच्या वर-खाली होतात, कारण डिटेक्टरवर पोचणाऱ्या क्ष-किरणांच्या फोटॉनांची संख्या दर वेळी थोडी कमी-जास्त होते. फरक भागिले नॉइज: सहा भागिले 4.8, म्हणजे 1.25. याला सीएनआर म्हणतात. प्रौढांच्या पोटाच्या स्कॅनसाठी एसीआरची अट एकच्या वर असण्याची आहे. पास.

मॅडम मात्र वही मिटत नाहीत. "काका, एमए 240 वरून साठ करा. सेव्ह नका करू हं."

"नाही मॅडम, सेव्ह कसं करीन!" काकांच्या आवाजात काळजी आहे. चुकून असा प्रोटोकॉल राहिला तर दिवसभराचे पेशंट त्यावर जातील.

एमए म्हणजे ट्यूबमधला विद्युतप्रवाह. तो चौथाई, म्हणून डोसही चौथाई. नवी प्रतिमा रवाळ दिसते. नॉइज 9.7, म्हणजे जवळपास दुप्पट. डोसच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात नॉइज बदलतो, हे पुस्तकातलं वाक्य डोळ्यांसमोर घडतंय. दोन सरासऱ्यांमधला फरक तेवढाच, सहा. सीएनआर मात्र 0.62 वर आला. नापास.

आता त्याच कच्च्या माहितीवर काका प्रतिमा गुळगुळीत करणारा फिल्टर लावतात. रवाळपणा गेला. नॉइज 4.7, सीएनआर 1.28. चौथाई डोसमध्ये पहिल्यापेक्षाही जास्त आकडा! मी सुखावतो. रुग्णाला किरणोत्सर्ग कमी आणि चित्र देखणं, आणखी काय हवं?

मॅडम दोन्ही प्रतिमा शेजारी-शेजारी लावतात. "ठिपके मोजा."

पूर्ण डोसच्या प्रतिमेत 6 आणि 5 मिलिमीटरचे चारही ठिपके सुटे दिसतात, 4 मिलिमीटरचे नीट निरखले तर. गुळगुळीत प्रतिमेत 6 मिलिमीटरचे चारही ठिपके तांदूळ भिजून फुगावेत तसे पसरलेत आणि 5 मिलिमीटरच्या जागी नुसतं ढगाळ काहीतरी आहे. त्याखालचे गेलेच. फिल्टरने शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून नॉइज दाबला आणि त्याच झटक्यात बारीक खुणाही पुसल्या. मोठ्या वर्तुळातला आकडा सुधारला, कारण एवढ्या मोठ्या वर्तुळाच्या मध्यात पुसण्यासारखं काही नव्हतंच.

टेलिव्हिजन कॅमेऱ्यांवर काम करणाऱ्या आल्बर्ट रोझ यांनी 1948 मध्ये याची मांडणी करून ठेवली आहे. डोळा ठिपक्याच्या संपूर्ण क्षेत्रफळावर सरासरी काढतो, म्हणून फिका पण मोठा डाग दिसतो आणि तेवढाच फिका लहान डाग हरवतो. क्षेत्रफळ धरून काढलेलं संकेत-नॉइज गुणोत्तर साधारण पाचच्या वर गेलं तरच डाग खात्रीने ओळखता येतो. म्हणूनच सीएनआरसोबत त्या डागाचा आकारही सांगावा लागतो. यकृतात पसरलेल्या कर्करोगाची 5 मिलिमीटरची गाठ शोधायची असेल, तर 25 मिलिमीटरच्या वर्तुळावरचा पास-शेरा पुरेसा नाही. नव्या यंत्रांच्या जाहिरातींत 'नॉइज इतका टक्के कमी' असं वाचलं की यापुढे माझा पहिला प्रश्न हाच असेल: आणि लहान ठिपके?

उलट टोकही मॅडम दाखवतात, तोंडीच. प्रतिमा मऊ दिसावी म्हणून नॉइज निम्मा करायचा, तर डोस चौपट द्यावा लागतो. मूतखडा बघायला एवढी मऊ प्रतिमा लागत नाही. खडा आसपासच्या ऊतींपेक्षा शेकडो युनिटांनी वेगळा असतो, रवाळ प्रतिमेतही तो ठळक दिसतो. तिथे चौपट डोस म्हणजे रुग्णावर अन्याय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे 'क्लिअर फोटो' हीच चांगल्या केंद्राची ओळख मानली जाते, आणि त्या स्वच्छपणाची किंमत कुणाच्या शरीराने मोजली हे रिपोर्टवर कुणी वाचत नाही.

आठ वाजत आलेत. काका मूळ प्रोटोकॉल पुन्हा उघडून एमए 240 असल्याची खात्री करतात, मॅडम त्यांच्या मागे उभ्या राहून तोच आकडा मोठ्याने वाचतात. वहीत चार नोंदी होतात: पाणी 1.2, नॉइज 4.8, सीएनआर 1.25, दिसलेला सर्वांत लहान ठिपका 4 मिलिमीटर. मागच्या महिन्याच्या ओळीशी त्या ताडून पाहिल्या जातात. पहिल्या पेशंटचं नाव पुकारलं जातं.

तुमच्या घरात कुणाचा सीटी व्हायचा असेल, तर त्या केंद्राकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि यंत्राचा ताजा गुणवत्ता तपासणी (क्यूए) अहवाल आहे का, हे काउंटरवर जरूर विचारा. रुग्ण म्हणून तेवढा हक्क तुम्हाला आहे.