एकही दावण सुटू नये

मुंबईच्या दुधाशी पालघरचे नाते जुने आहे. तिथल्या तबेल्यांना लागणारे गवत इथल्या माळांवरून जायचे. ऑक्टोबर 1945 मध्ये वारली मजुरांनी संप पुकारला तो याच गवताच्या कापणीच्या मजुरीसाठी. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी द्या, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे मुंबईतले तबेले शहराबाहेर हलवावेत म्हणून सरकारने दापचरीला दुग्धप्रकल्प उभारला आणि त्याच्या पाण्यासाठी कुर्झे धरण बांधले. प्रकल्पाची रया गेली, पण जनावरांची ये-जा थांबली नाही. गुजरातेतून निघालेल्या मेहसाणा, सुरती, जाफराबादी म्हशी तलासरी, चारोटी, मनोर या महामार्गानेच खाली उतरतात. तारापूरच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या बोईसरलाही रोज पहाटे दूध हवे असते.

लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला असा रस्ता फार सोयीचा असतो. आजारी जनावराच्या लाळेतून, श्वासातून, दुधातून आणि शेणामुतातून तो बाहेर पडतो. ट्रकच्या फळ्या, दावे, चारा, दूध काढणाऱ्याचे हात आणि चपला यांवर बसून तो पुढच्या गोठ्यात पोहोचतो.

आधी ताप चढतो. मग जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात आणि सडांवर फोड येतात. ते फुटले की तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, जनावर चारा सोडते आणि लंगडू लागते. खुरातल्या जखमेत अळ्या पडतात. मोठी जनावरे सहसा दगावत नाहीत, म्हणून पुष्कळ जण हा रोग साधा समजतात. ती समजूत महागात पडते. वासरांच्या हृदयावर विषाणूचा घाला बसतो आणि उभे वासरू अचानक कोसळते. बरी झालेली गायही पुष्कळदा पूर्वीचे दूध देत नाही. काही गाभडतात, काही माजावर येत नाहीत, काही उन्हात धापा टाकत राहतात. माणसाला या रोगाची भीती नाही, पण दुधावर चालणाऱ्या घराचे वर्षाचे गणित तो विसकटून टाकतो. विषाणूला मारणारे औषध नाही. तोंड आणि खूर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुणे, मऊ चारा देणे आणि जखमेत दुसरा संसर्ग होऊ न देणे, एवढीच शुश्रूषा हाती उरते.

म्हणून लस. ती मात्र एकदा टोचून विसरता येत नाही. या विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवत नाही. भारतात ओ, ए आणि एशिया-1 हे तीन प्रकार फिरतात, तिन्हींविरुद्धचे घटक एकाच लसीत असतात. लसीचे संरक्षण साधारण सहा महिने टिकते, त्यामुळे वर्षातून दोनदा टोचावे लागते. वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा आणि महिनाभराने दुसरी. लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्येच ठेवावी लागते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या पाड्यापर्यंत ती बर्फाच्या पेटीतून न्यायची, तीही गुराखी गुरे रानात सोडण्याआधी, हे पशुधन पर्यवेक्षकाचे काम किती कष्टाचे आहे ते शहरात बसून कळत नाही.

गुरांच्या बुळकांडी रोगाशी आपण असेच लस टोचून लढलो. तिचा विषाणू एकाच प्रकारचा होता आणि लस जन्मभर पुरायची. 2011 मध्ये ती जगातून गेली. खुरकुताशी झगडा त्याहून अवघड आहे. सप्टेंबर 2019 मध्ये मथुरेहून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस मोफत मिळते. 2030 पर्यंत रोगाचे निर्मूलन करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. ब्रिटनमध्ये 2001 साली साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारून ती थांबवावी लागली. गायबैलांवर घर चालवणाऱ्या आपल्या देशात तो मार्ग नाही, असूही नये. रोग गेला म्हणून निर्धास्त व्हावे अशीही सोय नाही. ज्या जर्मनीत 1898 मध्ये लोफ्लर आणि फ्रॉश यांनी हा विषाणू ओळखला, तिथे 1988 नंतर रोग नव्हता. जानेवारी 2025 मध्ये बर्लिनजवळच्या म्हशींमध्ये तो पुन्हा सापडला.

पालघरमध्ये खरी अडचण वेगळीच आहे. दुभत्या म्हशीला टोचू नका, दूध कमी होईल, असे तबेलेवाला म्हणतो. टोचल्यावर एखाद-दोन दिवस दूध उतरते, मानेवर गाठ येते, हे खरे आहे. पण रोग आला तर आख्खे वेतच हातचे जाते. वारली किंवा कोकणा घरात बैल आणि भाकड गाय टोचून घ्यायची राहते, कारण त्यांच्यापासून दुधाचे उत्पन्न नाही. भातकापणीनंतर गुरे मोकळी सुटली की ती हाती लागणेही कठीण. धो-धो पावसात चिखलणी करणारा काटक डांगी बैलही खुरकुतापुढे टिकत नाही, आणि ऐन लावणीत तो बसला तर नांगरणार कोण? विषाणू दुभते आणि भाकड असा भेद करत नाही. पाड्यातली चार जनावरे सुटली की तबेल्यातल्या चाळीस म्हशींचा धोका वाढतो. तबेलेवाल्याने चुकवले तर पाड्याचे बैल जातात.

कानात बारा आकडी बिल्ला मारून घ्यायलाही काही जण कुरकुरतात. त्याच आकड्यावर लसीची नोंद होते. महाराष्ट्रात खरेदी-विक्रीसाठी आता तो सक्तीचा आहे. बाहेरून आणलेले जनावर निदान तीन आठवडे वेगळे बांधावे, त्याची भांडी आणि दावे वेगळी ठेवावीत. साथ दिसली तर धुण्याच्या सोड्याच्या चार टक्के द्रावणाने गोठा धुवावा.

पुढच्या वेळी लसीचे पथक पाड्यावर येईल त्या सकाळी गुरे रानात सोडू नका. गाय, म्हैस, बैल, भाकड आणि चार महिन्यांवरची वासरे, सगळी दावणीला बांधून ठेवा. लाळ गाळणारे जनावर दिसले तर बाजारात न नेता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर लगेच कळवा.