मसाल्याचा डबा बाथरूममध्ये!

साबण घरी करायचा म्हटलं की कॉस्टिक सोडा डोळ्यांसमोर येतो आणि सगळा उत्साह मावळतो. साहजिकच आहे. तेल आणि कॉस्टिक सोड्याचा साबण हातमोजे, गॉगल घालून करायचा आणि वर चार ते सहा आठवडे मुरवायचा. ऑफिस सांभाळून कोण करणार? म्हणून माझा फंडा सोपा : बाजारात मिळणारा ग्लिसरीनचा सोप बेस. तो मुळात साबणच असतो, आपण फक्त वितळवायचा.

पाव किलो बेसचे तुकडे करा. गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात मंद आचेवर वितळवा, उकळी नको. पाव चमचा आंबेहळद आणि अर्धा चमचा वस्त्रगाळ वाळा थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून घाला, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मिश्रण किंचित दाटलं की सिलिकॉनच्या साच्यात ओता, नाहीतर पूड तळाशी बसते. तीन-चार तासांत वड्या तयार! दमट हवेत त्यांना घाम फुटतो, तेव्हा लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

आता मोह आवरा. दालचिनी, लवंग चहात झकास. त्वचेची मात्र आग करू शकतात, त्यांची तेलं तर जास्तच. मी दोन्ही वगळते. वेगळा वास हवाय? उटण्यातली कपूरकाचरी चिमूटभर घाला.

वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला फेस लावून धुवा आणि चोवीस तास थांबा. खाज नाही, लाली नाही? मग दिवाळीची पहिली आंघोळ याच वडीने! गिफ्ट देताना मात्र आत काय घातलंय, ते चिठ्ठीवर जरूर लिहा.