गंजिफांची नोंद, कुडाळातून

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते आहेत. डिझाइन आणि हस्तकला यांचा इतिहास जपणारं हे संग्रहालय. त्याच्या ऑनलाइन सूचीत दहा लाखांहून अधिक नोंदी आहेत. या नोंदींचं काम अजून चालू आहे, सुधारणा सुचवायची असेल तर कळवा, असं संग्रहालय स्वतःच वस्तूच्या पानावर सांगतं. विकिमीडिया कॉमन्स आणि विकिडेटा इथे तर खातं उघडलं की कुणालाही नोंदी करता येतात. म्हणजे सावंतवाडी ज्याच्या शेजारी आहे त्या कुडाळकराला हे काम घरबसल्या करता येतं. तरीही विषय काढला की उत्तर ठरलेलं: "आमका त्यातला काय कळता?"

पहिला गैरसमज तो हाच. सूची करणं हे पदवीधर इतिहासकारांचं काम, असं लोक धरून चालतात. दशावतारी गंजिफांचा एक संच घ्या. गोल पानं, एकूण १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू. शिवाय आकड्यांच्या पानांपैकी पाच रंगांत दहा आकड्याचं पान वरचं, तर उरलेल्या पाचांत एक्का वरचा. हे ज्याला ठाऊक नाही तो अवताराच्या पानाला "मासे काढलेला पत्ता" म्हणून मोकळा होईल. दहीकाल्याला रात्रभर जागून दशावतार पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला दहा अवतारांचा क्रम शिकवावा लागत नाही. त्याला शिकावं लागतं ते वेगळंच: जे दिसतं तेवढंच लिहायचं, ठरलेल्या रकान्यात लिहायचं आणि दरवेळी त्याच शब्दांत लिहायचं. ही शिस्त चार संध्याकाळी बसून अंगवळणी पडते. अवतारांची ओळख मात्र लंडनमध्ये बसून इतक्या सहज होत नाही.

याच्या उलट टोकाचाही गैरसमज आहे, आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो. आपण इथलेच, तेव्हा आपल्याला सगळं माहीत. सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने पांगाऱ्याच्या लाकडाची होत, हे इथे अनेकांना ठाऊक असतं. म्हणून फोटोतल्या रंगवलेल्या खेळण्यापुढे 'पांगारा' लिहायचा मोह होतो. पण रंगाच्या थराखाली कुठलं लाकूड आहे हे फोटो सांगत नाही. तिथे 'लाकूड' एवढंच लिहावं आणि परंपरेची माहिती टिपणीत वेगळी द्यावी. काळाचंही तसंच. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून कसब शिकून घेतलं आणि गंजिफांची कला पुन्हा उभी केली. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही पानं रंगवली जातात, तीही जुन्याच नमुन्यांवर. तेव्हा नुसती नक्षी पाहून 'एकोणिसावं शतक' लिहिणं म्हणजे पुढच्या अभ्यासकाला आडवाटेला लावणं. पानाची मागची बाजू, जाडी, लाखेच्या थराला गेलेले तडे हे वस्तू हातात असलेल्याने पाहायचं. आपण रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा रकाना ही प्रामाणिक नोंद असते.

पिंगुळीचा प्रश्न तर थेट काळजाला भिडतो. कुडाळच्या वेशीवरचं हे गाव, ठाकर समाजाच्या चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या कलेचं. इथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि संग्रहालयांच्या सूचींत याच प्रकारच्या जुन्या चित्रांपुढे 'पैठण शैली' असं वाचायला मिळतं, कारण त्यांतली बरीच चित्रं पैठण परिसरात सापडली. सगळीकडे पैठण खोडून पिंगुळी लिहावं, असं मनात येतं. तसं करू नये. वस्तू कुठे सापडली, ती कुठे घडली असावी आणि ही परंपरा आज कुठे जिवंत आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींना वेगळे रकाने लागतात. पहिल्या रकान्यात पैठण राहू द्यावं. तिसरा रकाना बहुतेकदा कोराच असतो. पिंगुळीचं नाव पुराव्यानिशी तिथे घालायला सांगणं, हे कुडाळच्या माणसाचं काम.

"सगळं स्कॅन झालंय, आता काय उरलंय?" असंही विचारलं जातं. स्कॅन झालेलं चित्र सापडलं नाही तर ते नसल्यातच जमा. सावंतवाडीचं नाव इंग्रजीत आज आपण 'डब्ल्यू'ने लिहितो. १८८०च्या मुंबई गॅझेटिअरच्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडावर ते 'व्ही'ने आहे. त्याहून जुन्या ब्रिटिश कागदांत 'सावंत वारी' अशा उच्चाराचं स्पेलिंग भेटतं. एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातल्या वस्तू दिसतीलच असं नाही. ही सगळी रूपं एका नोंदीला जोडणं आणि शेजारी देवनागरीत 'सावंतवाडी' लिहिणं याला मिनिटं लागतात. विकिडेटावर ही पर्यायी नावं द्यायला वेगळी जागाच आहे. यंत्र हे आपोआप करेल अशी आशा लोकांना असते. यंत्राने कच्चा मसुदा जरूर करावा, पण पानावरची आकृती वराहाची की नृसिंहाची, हे जाणत्या माणसाने पाहिल्याशिवाय पक्कं करू नये.

राहिली तक्रार फुकट राबवून घेण्याची. हिला मी गैरसमज म्हणणार नाही. पगारी सूचीकाराची जागा वाचवायला स्वयंसेवक वापरले जात असतील तर नकार द्यावा. कामाआधी विचारून घ्यावं: माझं नाव नोंदीत राहणार का, माहिती सर्वांना खुली असणार का, मराठीतून लिहिलेलं स्वीकारणार का?

आणि एक पथ्य आपल्या बाजूनेही. चित्रकथीच्या पोथ्या त्या त्या घराण्यांच्या आहेत. चित्र जुनं आहे, स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे, एवढ्या आधारावर कुणाच्या घरातल्या पोथीचे फोटो काढून इंटरनेटवर चढवू नयेत. कायद्याचं उत्तर वेगळं आणि त्या घराची संमती वेगळी. आधी त्यांच्या ओटीवर बसून विचारावं, कोणती चित्रं दाखवायची आणि कोणती नाहीत ते त्यांनाच ठरवू द्यावं, आणि नोंदीत सांभाळणाऱ्या घराण्याचं नाव त्यांना हवं तसं लिहावं.